बाटली मागितली की कळ येते

लग्नाकार्यात घराण्याचे किस्से साठतात म्हणे. आमच्या घराण्याचे रत्नागिरीच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात साठले. माझी बहीण शकू लिव्हरच्या गाठीने आत पडली होती, डोळे रोज जास्त पिवळे.

डॉक्टर सरळ बोलले. "परदेशात अख्खं लिव्हर बदलायला लागलेत. तिथं रक्ताची बादली लागते. आपली नुसती गाठ आहे, पण लिव्हरला सुरी लागली की रक्त धरवत नाही. बाटल्या पुऱ्या झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

बाटल्या म्हटल्यावर निम्मे नातेवाईक चहाला गेले.

*

मी दिली. आता मामांची पाळी.

"मला साखर आहे रे," म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

मी पेढ्याकडे बघत राहिलो.

"हेदवीच्या गणपतीचा प्रसाद आहे. तो चालतो. कॉलेज सोडलेल्यांनी अक्कल शिकवू नये."

*

माझा दोस्त हुसेन दुबईहून सुट्टीवर आलेला. विचारायच्या आत बाटली देऊन आला. वडील गेल्यापासून बापूकाका घरातले थोरले. त्यांनी मला बाजूला ओढलं. "आपल्या पोरीच्या अंगात त्याचं रक्त?"

"तुमच्या अंगाला वास येतोय तो त्यानेच दिलेल्या अत्तराचा, काका."

*

मग काकांनाच विचारलं.

"माझ्या छातीत कळ येते."

"शिमग्याला पालखी नाचवलीत, तेव्हा कुठं होती?"

"तेव्हा खांद्यावर देव होता."

देव बघून थांबणाऱ्या कळेवर माझा विश्वास नाही.

*

रक्त नाही तर निदान गाऱ्हाणं, असं थोरल्यांनी ठरवलं. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. एकदा म्हटलं की ते सगळ्यांवर बांधलेलं.

व्हरांड्यात नारळ ठेवून काकांनी हात जोडले. "बा देवा, आमच्या शकूला बरी कर रे महाराजा."

"होय महाराजा!" नर्ससुद्धा दचकली.

आई गाऱ्हाण्यात कधी बोलत नसे. त्या दिवशी पुढे आली, पदर खोचला, हात जोडले.

"बा देवा, भावोजी म्हणतात छातीत कळ आहे. ती खरी असू दे रे महाराजा. माझा भाऊ म्हणतो साखर आहे. ती खरी असू दे रे महाराजा."

'होय महाराजा' म्हणायचं सोडून काका मामांकडे बघू लागले, मामा काकांकडे.

"म्हणा की," आई म्हणाली.

मामांनी उरलेले पेढे कागदात गुंडाळले. काकांनी सदऱ्याच्या बाहीचं बटण सोडलं आणि नर्सकडे वळले.

"बाई, सुई जरा बारकी बघा."