सुगलामावशीच्या इंजिनाचं हेड

आमच्या गॅरेजातले किस्से म्हंजे हाताला लागलेलं काळं ऑइल. कितीबी घासा, नखात उरतंच! आता ह्या एका हेडाचंच घ्या ना.

भूकंपानंतरचे दिवस. लातुरात औसा रोडला करीमचाचाचं गॅरेज, अन् तिथं मी, बारक्या. सातवीत शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ह्यावर घरात अजून वाद हाय!

एक दिवस सुगलामावशी आल्या. संगं भाचा प्रकाश, लातुरात बारावीच्या क्लासला असलेला. त्याच्या खांद्यावर पोतं, पोत्यात पिठाच्या गिरणीच्या डिझेल इंजिनाचं हेड, म्हंजे वरचं जड झाकण. ढिगाऱ्यातून उकरून काढलेलं.

चाचानं इचारलं, "मालक न्हाई आले?"

"इंजिन वाचलं. ते न्हाई."

मी स्टूल पुसून मावशीपुढं सरकवलं.

"गावाला ट्रकानं गहू येतो," मावशी म्हणल्या. "पीठ कोन देनार? लेकरं घुगऱ्या खाऊन राहिलीत. गिरणी चालली तर गाव खाईल, मीबी खाईन."

* * *

हेड खोलताना वॉल्व्हचे लॉक काढायचे असतेत. नखाएवढा तुकडा, पण खाली स्प्रिंग दाबलेली. चाचा म्हणला, "वर बोट ठेव."

मी ठेवलं न्हाई! टण्णकन् लॉक उडालं. तासभर आम्ही चौघं उकिडवे बसून शोधून राहिलो. तेवढ्यात बाजूच्या हॉटेलातून आवाज, "अरे, चहात आलं टाकलं का लोखंड?"

चाचा धावतच गेला. "थुका मामा, थुका! आमचं हाय ते!"

* * *

जुन्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या. दुकानातून तीन तऱ्हेच्या आणल्या. प्रकाशनं वही काढून फॉर्म्युला लिवला. "चाचा, सगळ्यात कडक घ्या. वॉल्व्ह पक्का बंद होईल."

"अन् वॉल्व्ह उचलणारा खालचा कॅम घासून मरंल, ते कुठं लिवलंस बेटा?"

चाचाकडं तसल्याच एका चालू इंजिनाची अस्सल स्प्रिंग होती. ती अन् नवी, एकीला एक लावून व्हाइसच्या शिकंज्यात दाबायची. जास्त दबली ती नरम, कमी दबली ती कडक. तिसरी जोडी बरोब्बर सारखी दबली. तीच घेतली.

प्रकाश बघतच राहिला. "आमच्या सरांनी हे शिकवलं न्हाई!"

"मग सरांना पाठव. बारक्याशेजारी बसवतो. फी नको!"

* * *

मग वॉल्व्ह त्याच्या खाचेत घट्ट बसेपतूर घासायचा. पेस्ट लावायची, काठी चिकटवायची अन् तळहातात घुमवत बसायचं. अर्ध्या तासात मी बोंबललो, "हात गेले चाचा!"

"असं ताक घुसळतेत व्हय रं? सरक!" मावशीनं पदर खोचला. दुपारपतूर उठल्या न्हाईत. चाचानं हेडात रॉकेल ओतून बघितलं. थेंब गळला न्हाई!

"मावशी, उद्यापासून कामाला या. ह्याला घरी पाठवतो."

मी म्हणलं, "घरचे घेत न्हाईत!"

* * *

हेड बसवायला गावात गेलो. सगळं गाव पत्र्याच्या शेडात, गिरणीबी पत्र्यातच. चाचानं हँडल मारलं. एकदा. दोनदा. मावशी दाराशी डोळे मिटून उभ्या. तिसऱ्यांदा धड धड धड धड! जमीन हादरली, पत्रे वाजले.

अन् सगळं गाव किंचाळत बाहेर! कडेवर लेकरं, एका आजोबाच्या अर्ध्या गालाला साबण. मोकळ्या रानात सगळे गोळा. कुणी हलंना.

चाचा इंजिन बंद करायला वाकला. मावशीनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या."

बाहेर जाऊन ओरडल्या, "आगं बायांनो, गिरणी हाय! दळण आणा!"

तरी कुणी हलंना. मग एक म्हातारी तेवढी आपल्या शेडात शिरली. गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन, धडधडत्या जमिनीवरून चालत आली अन् डबा मावशीपुढं ठेवला.

"हालू दे गं सुगले, हालायचं तेवढं. पर बारीक दळ!"