आउनेने व्हॉल्व्हला लावलेलं कुलूप

आउने केतुनेनशी वाद घालायला कारखान्यात सहसा कोणी धजावत नसे. जे धजावत, ते एकदाच. फिनलंडहून बोटीने ती स्वीडनला, स्मोलांडात आली तेव्हा चोवीस वर्षांची होती, आणि तिला स्वीडिश येत होतं ते एवढंच: हो, नाही, आणि कॉफी. त्यातलं 'नाही' ती फार स्पष्ट म्हणायची.

कारखान्यात पाण्याच्या नळांना आणि दाराच्या मुठींना निकेल-क्रोमचा मुलामा देत. सुरुवातीला तिला नळ सांगाड्यावर टांगायचं काम मिळालं. सहा वर्षांनी मागच्या शेडमधला माणूस काम सोडून गेला. मुलामा दिलेला माल धुतल्यावरचं पाणी त्या शेडमधल्या टाक्यांत यायचं. ते शुद्ध करायचं, तपासायचं आणि मगच ओढ्यात सोडायचं. तिथला वास पुरुषांना नको होता. आउने म्हणाली, "मला द्या."

क्रोमचं पिवळंजर्द पाणी औषध घातलं की हिरवट होई. मग चुना. धातूचा गाळ खाली बसे आणि वर नितळ पाणी राही. ते सोडण्याआधी आउने काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब टाके. पाणी गुलाबी झालं, तर निकेल अजून त्यात आहे.

१९८६ च्या मार्चमध्ये पाणी गुलाबी व्हायला लागलं. तिने चुना वाढवला, पाणी जास्त वेळ थांबवून पाहिलं. गाळ काही धड बसेना. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी व्यवस्थापक तोर्ग्नी शेडमध्ये आला.

"टाकी काठोकाठ आलीय, आउने. सोड पाणी."

"नाही सोडणार. निकेल आहे त्यात. परवानगीच्या सहापट."

"मग साधं पाणी मिसळ, पातळ कर आणि नमुना घे. नगरपालिकेला आकडा हवाय, आकडा मिळेल."

"आकडा मिळेल, पण निकेल जायचं तेवढंच जाईल. ओढ्याला काय आकडे वाचता येतात?"

तोर्ग्नीचा चेहरा लाल झाला. "तुम्हा फिनिश लोकांच्या डोक्यात नुसते दगड भरलेत."

"ग्रॅनाइट," आउने म्हणाली. "एक नंबरचा."

तो पाय आपटत गेला. आउनेने ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याला आपल्या सायकलला लावायची कुलपाची साखळी गुंडाळून कुलूप लावलं आणि चावी मोज्यात टाकली.

तासाभरात काम थांबलं, कारण पाण्याला जायला जागाच उरली नव्हती. बारा जण कॉफीच्या खोलीत हात बांधून बसले. मुलाम्याच्या हौदांवरचा सीवर्ट तणतणत शेडमध्ये आला.

"तुझा हट्ट आणि आमच्या गळ्याला फास!"

"ओरडून झालं की एक सांग. गेल्या महिन्यात तुझ्याकडे नवीन काय आलं?"

"काही नाही. तो निळ्या पिंपातला साबण तेवढा. तोर्ग्नीनेच आणला. नळांवरचं तेल मात्र झकास काढतो."

आउनेने जॅमच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. दोन्हींत निकेलच्या हौदातलं, साबण न मिसळलेलं पाणी भरलं, एकीत त्या साबणाची चमचाभर धार सोडली, मग दोन्हींत चुना घातला. पाऊण तासात पहिल्या बरणीत गाळ बसून पाणी नितळ झालं. दुसरीतलं हिरवट ते हिरवटच. साबण निकेलला धरून बसला होता, खाली पडूच देत नव्हता.

सीवर्ट वाकून बघत राहिला. "च्यायला," एवढंच म्हणाला.

बरण्या घेऊन ती तोर्ग्नीच्या खोलीत गेली. त्याने मान वर केली नाही. "उद्यापासून तू परत नळ टांगायला जायचंस."

"जाते. पण चावी देणार नाही. आणि या बरण्या नगरपालिकेत चालल्यात."

सायकल कुलपाविना रस्त्यात सोडायची तिची तयारी नव्हती. दोन्ही बरण्या पिशवीत घालून चिखलातून पाच किलोमीटर ती चालत गेली. तिथल्या तपासनीस बाईंनी, गुनहिल्डने, दोन्ही बरण्या खिडकीपाशी धरून पाहिल्या.

"हे तुला कोणी करायला सांगितलं?"

"सांगितलं होतं ते पाणी सोडून द्यायला."

दुसऱ्याच दिवशी गुनहिल्ड कारखान्यात आली. अडकलेलं पाणी टँकरने दुसरीकडे नेलं, निळी पिंपं परत गेली, आठवड्याने काम सुरू झालं. पण तोर्ग्नीनेही शब्द पाळला. पाच महिने आउने नळ टांगत होती आणि शेडमध्ये एकामागून एक तीन माणसं आली नि गेली. ती टांगता टांगता शिट्टी वाजवायची, मुद्दाम, त्याच्या खिडकीखाली.

सप्टेंबरात तोर्ग्नी स्वतः खाली आला. "शेडमध्ये परत जातेस का?"

"कुठलंही नवीन पिंप आधी माझ्या बरणीत येईल. तसं लिहून दे."

त्याने लिहून दिलं. सही करताना म्हणाला, "माझ्यावर तुझा विश्वासच नाही."

"पाण्यावरही नाही," आउने म्हणाली. "म्हणून तर रोज तपासते."