फ्रीजच्या दारातली बाटली

लग्नात मला माहेरहून फ्रीज आला. येडगाव धरणाच्या कडेच्या आमच्या वस्तीवर तेव्हा तो एकच. चार-पाच घरं, प्रत्येकाच्या दारात दोन-तीन शेळ्या, आणि फ्रीज फक्त माझ्या स्वयंपाकघरात. सुरुवातीला मी त्याच्या तोऱ्यातच होते. मग उन्हाळा आला. धाकट्या दिरांनी ओतूरच्या बाजारातून येताना थर्मासमध्ये गारेगारवाल्याकडचा बर्फ घालून एक बाटली आणली आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खाचेशेजारी ठेवली. त्या दिवसापासून फ्रीज उघडताना माझा हात दबकत पुढे जायला लागला.

ती शेळ्यांची लस होती. पावसाळ्यात नवं कोवळं गवत खाल्लं की काही शेळ्या अचानक मरतात, त्यावरची. दवाखान्यातले डॉक्टर त्या रोगाला आंत्रविषार म्हणत. वस्तीवर नुसतं 'गवत बाधलं' म्हणायचे. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, मंचरच्या बाजूचं. घरी म्हैस होती, शेळी नव्हती, त्यामुळे मला हे काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात मी ते पाहिलं. सकाळी उड्या मारत बांधावर गेलेली आमची शेळी दुपारी अडखळत आली, गोल गोल फिरली, पडली, मान मागे टाकून पाय झाडत राहिली आणि दिवस मावळायच्या आत संपली. त्यातून अंगानं भरलेली, चांगली दुधाची शेळीच आधी जाते म्हणे. तेव्हापासून सगळं रान हिरवं झालं की लोकांना बरं वाटायचं आणि मी दारातल्या शेळ्या मोजत बसायची. मालक मला भित्री भागूबाई म्हणायचे. आमच्याकडे बिबट्याही यायचा, नाही असं नाही. पण बिबट्याला दार लावता येतं. गवताला काय लावणार?

लसीची बाटली पन्नास शेळ्यांची असायची. त्याहून लहान मिळत नसे. आमच्या वस्तीवर करडं धरूनही पंधरा-वीसच्या वर शेळ्या कधी नव्हत्या. फोडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी, असं दिरांना दुकानातच सांगितलेलं होतं. त्यासाठी सगळ्यांच्या शेळ्या एका दिवशी एका अंगणात यायला हव्या होत्या. ते कसं जमावं? दोन घरांचं बांधावरून बोलणं बंद होतं, त्यामुळे एकाच्या शेळ्या आल्या की दुसऱ्याच्या यायच्या नाहीत. शेळ्यांचं आपसात काही वैर नव्हतं. त्या रोज एकाच बाभळीखाली बसायच्या. कुणाला सोमवार चालत नसे. आणि गाभण शेळीला टोचलं तर ती गाभडते, असं सगळेच धरून चालत, म्हणून ती व्यायची वाट बघायची. असं करत बाटली एकदा फुटायची ती पाऊस लागेपर्यंत पुरायची. दीर टोचायचे, रबरी बूच पुसायचे, आणि बाटली पुन्हा माझ्या फ्रीजमध्ये, माझ्या दुधाशेजारी.

मी एकदा आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलं की उरलेलं टाकून देऊ या, मला भीती वाटते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी ताटातली भाकरी उकिरड्यावर फेकायला निघाले होते. अन्न आणि औषध टाकत नसतात, म्हणाल्या. दोन-तीन वर्षं त्याच रीतीनं शेळ्या जगल्या, म्हणजे औषध चांगलंच होतं, हेही ठरून गेलं. मलाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं होतं. पण त्या बुचावरची सुईची भोकं दिसली की मी दूध लांब सरकवायची.

समोरच्या घरातली ती आणि मी एकाच वर्षी नांदायला आलो. मला फ्रीज मिळाला तशी तिला पहिल्या बाळंतपणानंतर आईनं एक शेळी दिली होती. काळी, कानांवर पांढरे ठिपके. पोराला दूध होईल म्हणून दिलेली. पुढे तिची आई गेली, भावांनी येणं-जाणं सोडलं, आणि माहेर म्हणून तिच्याकडे उरली ती एवढी शेळीच. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्यानं यायचा. ती त्या शेळीशी बोलायची. आम्ही हसायचो तिला, पण ती शेळी तिच्या हाकेला ओ द्यायची हे खरं.

ज्या वर्षाचं मी सांगतेय त्या वर्षी भारनियमनानं कहर केला होता. दिवसभर वीज नसायची, रात्री यायची. फ्रीज म्हणजे नुसतं भांड्यांचं कपाट झालं होतं. वैशाखात शेळ्या टोचून झाल्या. हिची काळी तेवढी राहिली, कारण तिचे दिवस भरत आले होते. उरलेली बाटली उन्हाळ्यात नासू नये म्हणून आत्याबाईंनी ती दारातून काढून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: गारव्यानं टिकतं, तर जास्त गारव्यानं जास्त टिकेल. एका सकाळी मी पाहिलं तर बाटलीचा दगड झाला होता. दुपारपर्यंत ती वितळली. खाली पांढरा चोथा बसला होता आणि वर पाणी. दही गोठून वितळलं की त्याचं जे होतं तेच. दिरांनी हलवली, पुन्हा सारखी दिसायला लागली. मला तेच भयंकर वाटलं, की हलवल्यावर ती अगदी आधीसारखी दिसत होती.

काळी शेळी व्याली, दोन करडं झाली. पंधरवड्यानं ती माझ्याकडे बाटली मागायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बर्फ झाला होता, चोथा बसला होता, मला खात्री वाटत नाही, तू नवी आणव. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "अगं, तुज्या फ्रीजमधलं हाय. मग मला कसलं भ्या?"

दिरांनी टोचलं. करडं लहान म्हणून त्यांना सोडलं.

मग गवत आलं. रोज सकाळी ती शेळी सोडायची आणि मी चुलीपुढून तिच्या बांधाकडे बघत राहायची. शेळी बसलेली दिसली तरी भाकरी थापायची थांबायची. उठली की पुन्हा थापायला लागायची. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, तुझ्या नजरेनंच मरेल ती. मला त्याचीही भीती वाटली. मी बघणं बंद करून पाहिलं, पण ते जमलं नाही.

एका दुपारी तिची हाक आली. ती ओरडली नाही, नुसतं माझं नाव घेतलं. मी भाकरी तव्यावर टाकून धावले. काळी शेळी आडवी पडली होती, मान पाठीकडे वळलेली, पोट नगाऱ्यासारखं. ही तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दीर दवाखान्यात निघाले, पण त्यांची गाडी डांबरीला लागायच्या आतच सगळं आटोपलं. करडं दोन्ही बाजूंनी आचळाला धडका देत होती. मला इतकं रडू आलं की तीच माझी समजूत घालायला लागली.

वस्तीवर कुणी औषधाचं नाव घेतलं नाही. कुणी म्हणालं बाळंतीण होती, अंगात ताकद नव्हती; कुणी म्हणालं दृष्ट लागली. मी बोलले तर आत्याबाई म्हणाल्या की बाकीच्या शेळ्या त्याच बाटलीच्या, त्या कशा चरतायत? बाकीच्या शेळ्या बर्फ होण्याआधी टोचल्या होत्या, हे मी सांगून दमले.

आठवड्यानं ती पुन्हा माझ्या दारात. हातात गरम पाण्यानं धुतलेली सिरिंज. करडं आता दीड महिन्याची झाली होती, दुसऱ्यांच्या शेळीवर पाजून तिनं जगवली होती.

"ती बाटली हाय ना अजून? या दोघांना टोचून घेते. आता एवढीच ऱ्हायली."

मी फ्रीज उघडला, बाटली काढली, मोरीत गेले आणि तिच्यासमोर बूच उपटून सगळं ओतून दिलं. आत्याबाई मागे उभ्या राहून काय काय बोलल्या ते मला आठवतही नाही. तिचा चेहरा मात्र आठवतो. तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसा.

"माजी करडं तुला जड झाली व्हय?" एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, चल, उद्या नारायणगावला, मी येते. ती कशी तयार झाली कोण जाणे. बहुधा दुसरा इलाज नव्हता म्हणून. सकाळच्या वडापच्या जीपमध्ये आम्ही एकेक करडू मांडीवर घेऊन बसलो. तिनं तोंड रस्त्याकडे केलं होतं. वारूळवाडी येईपर्यंत माझा हात करडाच्या पोटावर होता. जरा टणक लागलं की वाटायचं, फुगलं. खड्ड्यात जीप आदळली की ते ओरडायचं आणि मला हायसं वाटायचं.

दवाखान्यात कुठल्याशा गावचा एक पाहुणा आठ-दहा शेळ्या पिकअपमध्ये घालून आला होता, बरोबर लसीची स्वतःची बाटली. डॉक्टरांनी ती फोडून त्याच्या शेळ्या टोचल्या आणि आमची करडंही त्यातच उरकली. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा आणा म्हणाले. मी त्यांना बर्फाचं विचारलं. ते म्हणाले, मेलेल्या शेळीचं आता सांगता येणार नाही, पण गोठलेल्या लसीत ताकद राहत नाही. ती टोचली काय नि पाणी टोचलं काय, सारखंच. आणि फोडलेली बाटली ठेवूच नये. हे त्यांनी मला सांगितलं, पण ती शेजारीच उभी होती. तिनं करडू छातीशी जरा घट्ट धरलं.

डॉक्टर आत गेले. पाहुण्यानं शेळ्या गाडीत चढवल्या, हातातली बाटली उजेडात धरून पाहिली आणि आमच्याकडे आला. भला माणूस होता.

"ताई, निम्म्याच्या वर उरलंय. फेकायचं जिवावर येतं. घरी फ्रीज आसंल तर घिऊन जावा, वस्तीवर कुणाच्या तरी कामी यील."

मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. ती त्याच्याकडेच बघत होती.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "आमच्या वस्तीवर कुणाच्यातच फ्रीज न्हाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवून नाही म्हणाले.