मोकळ्या कोंबड्या

शेडवर तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे मरतूकवाली. सकाळी दिवे लागले की पिंजऱ्यांच्या रांगांमधून फिरायचं, रात्रीतून मेलेल्या कोंबड्या ओढून काढायच्या आणि बादलीत टाकायच्या, हे तिचं काम. पिंजऱ्यात इतकी दाटी असे की मेलेली कोंबडीही उभीच राहायची. शेजारणी तिला पडूच देत नसत. तिथे नजरेचा उपयोग नव्हता, हातच घालावा लागे. अंग गार लागलं की समजायचं.

सुरुवातीला विष्ठेच्या उग्र वासानं तिचे डोळे चुरचुरायचे. पुढे वास येईनासा झाला तेव्हा तिला वाटलं, चला, सवय झाली एकदाची. सवय कसली, नाकच गेलं होतं. मग खोकला आला आणि घरचाच होऊन बसला. चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "काम काय करता?"

तिनं सांगितलं.

"ते सोडा. नाहीतर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही."

घरात सून आणि लहानगी नात. मुलगा दूर कुठे कामाला, फोनपुरता उरलेला. सून त्याच शेडच्या पॅकिंगच्या खोलीत अंडी निवडायची. एका पगारात घर ओढायचं म्हणजे नाकी नऊ येणार हे मावशीला कळत होतं. म्हणून काम सोडताना ती सुपरवायझरकडे गेली.

"साहेब, ट्रक भरायचाय ना उद्या? त्यातल्या थोड्या मला द्या."

अंडी कमी झाली की कोंबड्यांची अख्खी तुकडी खाटकाकडे जायची.

"त्या हाडांचं काय करणार, मावशी?"

"चालायला शिकवीन म्हणते."

तो हसला, पण त्यानं दिल्या.

घरामागच्या मोकळ्या जागेत तिनं त्या सोडल्या. सोडल्या म्हणजे ठेवल्या. पिसं झडलेली, नखं वाढून वाकडी झालेली. जिथे ठेवल्या तिथेच त्या अंग चोरून बसल्या, पायाखालच्या मातीचीच धास्ती घेतल्यासारख्या. मावशीनं एकेकीला मांडीवर घेऊन नखं कापली. आठवडाभरानं एकीनं पायानं माती उकरली आणि स्वतःच दचकली. मग दुसरीनं उकरली. हळूहळू पिसं आली, तुरे लाल झाले. अंडी थोडीच मिळत, पण बलक असा गर्द की सून म्हणाली, "आई, यात रंग घातलाय की काय?"

भाव ठरवताना मात्र मावशीची झोप उडाली. शेडच्या अंड्याच्या दुपटीहून जास्त लावल्याशिवाय दाण्याचा खर्चच निघेना. टेकडीवरच्या बंगल्यांतल्या बायका खुशीनं घेत आणि वर कोंबड्यांचे फोटो काढत. शेडवरच्या जुन्या सोबतिणी एकदा आल्या, भाव ऐकून दुसरंच काही बोलल्या आणि रिकाम्या हातानं गेल्या. त्यांच्यातल्या एकीचे दिवस भरत आले होते. तिला मावशीनं शेडच्या भावानं दिली. पण रोज असं दिलं असतं तर कोंबड्या उपाशी राहिल्या असत्या.

घरात खायला सून शेडवरची तडकलेली अंडी आणायची.

"आई, पोरीला आपलं एखादं दिलं तर काय बिघडेल?" तिनं एकदा विचारलं.

"ती विकायची आहेत," मावशी म्हणाली. आपलाच आवाज तिला सुपरवायझरसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी तिनं नातीला एक उकडून दिलं, तरी तो आवाज काही कानातून गेला नाही.

मग शेडमध्ये रोग शिरला. बादल्या पुरेनात, ढीग लागले. तपासणी झाली, हुकूम निघाला: आजूबाजूचा प्रत्येक पक्षी मारायचा, आजारी असो वा नसो. पांढऱ्या कपड्यांतली, तोंड झाकलेली माणसं मावशीच्या दारात आली. वाट दाखवायला सुपरवायझर होता.

"माझ्या धडधाकट आहेत, साहेब. बघा की."

"दिसतंय मावशी. पण माझ्या हातात काही नाही."

माणसं आत शिरली तशा कोंबड्या सैरावैरा पळाल्या. आता त्यांना पळता येत होतं. एक जण जाळं घेऊन मागे धावला.

"थांबा," मावशी म्हणाली. "मी देते. माझ्या हातात येतात त्या."

तिनं दाण्याचं भांडं वाजवलं. त्या आल्या. एकेकीला उचलून, पंख मिटून तिनं त्या माणसांच्या हातात दिलं. सून नातीला घेऊन आतल्या खोलीत दार लावून बसली होती.

शेडच्या मालकाला भरपाई मिळाली. मावशीला नाही, कागदोपत्री तिच्या कोंबड्या केव्हाच खाटकाकडे गेलेल्या होत्या, मेलेल्यांचे पैसे कोण देणार? काही दिवस बाजारात अंडी महाग झाली, लोक कुरकुरले. शेड धुतली, नवी पिल्लं भरली, अंडी पुन्हा स्वस्त झाली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मावशी शेडवर परतली. सुपरवायझरनं डॉक्टरची आठवण करून दिली, तेव्हा म्हणाली, "डॉक्टर घरभाडं भरतो का?" एक तुकडी जेमतेम निभावली. एका सकाळी दोन रांगांच्या मध्ये ती खाली बसली ती दोघींनी धरूनच उठवली.

आता तिला आडवं झोपता येत नाही. भिंतीशी उशा लावून ती बसूनच झोपते. तिचं काम सुनेनं मागून घेतलं, कारण पॅकिंगपेक्षा त्याला पगार थोडा जास्त आहे.

"फडकं बांध तोंडाला," मावशी तिला निघताना सांगते.

"गुदमरतं हो, आई."

"गुदमरू दे. बांध."

सून दारात फडकं बांधते. वळणापर्यंत ते तोंडावर असतं, तेवढं मावशीला खिडकीतून दिसतं.