पाठीची रेषा

डॉक्टरांनी शेवंताबाईंच्या पाठीचा एक्सरे दिव्यासमोर धरला. ती वळणं मी लगेच ओळखली. चित्रकलेच्या माझ्या वर्गात त्या वर्षानुवर्षं मॉडेल म्हणून मुलांसमोर एका पायावर भार देऊन उभ्या राहायच्या. जरा हलल्या की मी खेकसायचो.

"मणक्यांची इतकी झीज! ओझी उचलत होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, नुसती उभी ऱ्हायची," शेवंताबाई म्हणाल्या.

त्यांच्या पाठीचं चित्र माझ्या दिवाणखान्यात आहे. लोक त्या रेषेचं कौतुक करतात आणि मी निर्लज्जपणे ते ऐकून घेतो. कसली डोंबलाची रेषा! तिच्यातली कळ मला कधी दिसलीच नाही.

ऑपरेशनआधी पुन्हा एक्सरे काढायचा होता. काढणारा खेकसला, "मावशी, हलू नका!" त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

"न्हाई हलत," शेवंताबाई म्हणाल्या. "या सरांनीच शिकवलंय."