मामंजींच्या कासवाचं तैलचित्र

गिरगावातल्या आमच्या चाळीत मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, एक कासव होतं. मामंजींनी नोकरीभर कचेरीत नकाशे उतरवले होते. निवृत्त झाले त्या वर्षी कुणीतरी त्यांना हे आणून दिलं, लहान पोळपाटाएवढं, पाठीवर काळ्यावर पिवळ्या चांदण्या. गॅलरीच्या गजांतून खाली पडेल म्हणून त्यांनी त्याच्या कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून घेतलं, त्यात तारेची कडी घातली आणि चार हात दोरीनं ते गजाला बांधलं. "नखासारखं असतं ते, दुखत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कासवाला कुणी विचारलं नव्हतं.

कलाशाळेचं एकच वर्ष उरलं असताना माझं लग्न झालं. "पुढे शिकू द्या," असं माझे वडील बोलणी चालू असताना म्हणाले होते आणि मामंजी "बघू" म्हणाले होते. त्या "बघू"वर मी आठ महिने काढले. घराबाहेर पडायचं ते देवळात नाहीतर भाजीला, तेही सासूबाईंबरोबर. रंगांची पेटी माळ्यावर पडून होती. शेवटच्या परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही लागे, आणि पालक आता मामंजी होते. चांगल्या कळत्या बाईला पालक लागतो याचा मला तेव्हा संताप यायचा. आजही येतो.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मामंजी सभांना जात, घोषणा देऊन घसा बसवून घेत, आणि गुळण्यांचं पाणी मी गरम करून द्यायची. "आपलं काय ते आपण ठरवायचं, दुसऱ्यानं नाही!" असं ते गॅलरीत उभे राहून इतक्या तळमळीनं सांगत, की शेजारचे चहा गार होऊ देत. मी दाराआड उभी राहून ऐकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, आमच्या साहेबाच्या बंगल्यावर त्याच्या कुत्र्याचं तैलचित्र होतं. कुत्र्याचं असतं, मग आमच्या कासवाचं का नको? कासव तर अवतार आहे. हुबेहूब काढ. साधलं, तर तुझ्या त्या फॉर्मवर सही करतो."

माळ्यावरची पेटी मी स्वतः चढून काढली. 'हे', म्हणजे आमचे यजमान, शिडी धरून म्हणाले, "बाबा बोलले म्हणजे करतील हो." यांचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर चाललं होतं.

कासव एका जागी बसतं हा समज कासवाचं चित्र न काढलेल्यांचा. सकाळी ऊन आलं की ते चालू पडे, दोरी ताणली जाई, मागचा पाय घसपटत राही, मग ते वळून पुन्हा तेच. मी काकडीचे काप टाकून त्याला थांबवायची. आधी पातळ तपकिरी रंगात आकार, मग काळे भाग, ते वाळले की चांदण्यांच्या पिवळ्या रेघा. टर्पेंटाइनच्या वासानं सासूबाईंचं डोकं उठे. मामंजी दुपारी फूटपट्टी घेऊन येत आणि कवचावरच्या एकेका घरातल्या रेघा मोजत. "या घरात नऊ आहेत, तू आठच काढल्यास." नवी रेघ काढताना मला हसू यायचं, आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. त्या घरात माझ्या कामाकडे इतकं निरखून पाहणारे तेच एकटे होते.

मध्येच गोळीबार झाला, संचारबंदी लागली. दोन दिवस सगळे पुरुष घरात. हे गॅलरीत येरझारा घालत म्हणाले, "अगं, माणूस वेडा होईल असं कोंडून घेतल्यावर!"

"होतं खरं," मी म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही.

तीन आठवड्यांनी चित्र झालं. ओलसर डोळा, मानेच्या सुरकुत्या, पाठीवरची तेरा घरं, आणि मागच्या कडेला भोक, कडी, दोरी. दोरीचा पीळसुद्धा मला छान साधला होता. मामंजी बराच वेळ पाहत राहिले.

"दोरी काढून टाक," ते म्हणाले.

"पण हुबेहूब म्हणालात ना, मामंजी?"

"दोरी हा काही कासवाचा भाग नव्हे. भोकही बुजव. चारचौघांत कसं दिसेल ते?"

फॉर्म भरायला आठच दिवस उरले होते. मी सुरीनं दोरी खरवडली, तिच्यावर फरशीचा रंग लावला. कडी गेली, भोक गेलं. गॅलरीत खरं कासव दोरी ताणून उभं होतं आणि त्याच्याकडे पाहायची मला लाज वाटत होती. तरी हात थांबला नाही. मला सही हवी होती.

चित्र बाहेरच्या खोलीत लागलं. चळवळीतली मंडळी आली, तेव्हा एकानं विचारलं, "मोकळं सोडता वाटतं याला?"

"आमच्या घरात कुणाला बांधून ठेवायची पद्धत नाही," मामंजी म्हणाले. मंडळींनी माना डोलावल्या. मी चहा देत होते.

सगळे गेल्यावर मी फॉर्म पुढे ठेवला. मामंजींनी तो वाचला, घडी केली आणि मायेनंच म्हणाले, "अगं, इतकं उत्तम येतंय तुला! आता परीक्षा कशाला? शिकायचं काय राहिलंय? घरी बसून काढ की. कुणी अडवलंय?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. वाईट काढलं असतं तर सही मिळाली नसती, चांगलं काढलं म्हणूनही मिळाली नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते वर्तमानपत्र उलटत होते.

"आणि हे बघ," मामंजी म्हणाले, "कोपऱ्यात नाव नाही घातलंस. सही कर. लोक विचारतात, कुणी काढलं म्हणून."

त्यांनी स्वतः ब्रश आणून माझ्या हातात दिला. "मी जे पाहिलं ते असं काढलं", एवढं सांगण्यासाठी चित्राखाली सही करायची, असं आम्हांला कलाशाळेत शिकवलं होतं. मी ब्रश पुसून पेटीत ठेवला.

"नाही करणार," मी म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. त्या घरात मी कुणाला नाही म्हटलं, ते पहिल्यांदाच. मामंजींनी कारण विचारलं नाही. माझ्याशी ते महिनाभर बोलले नाहीत, आणि चित्र मात्र भिंतीवर तसंच राहिलं. मी परीक्षा कधीच दिली नाही. त्या चित्रावर सहीही कधीच केली नाही.