कडी काढणारी शेळी

मी पदवीधर झालो तो शाळेतल्या सुमनबाईंमुळे. सहावीत गणितात नापास झालो, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला शाळेतून काढून शेळ्यांमागे लावलं. चौथ्या दिवशी बाई घरी आल्या.

"डोकंच न्हाई ओ बाई त्याला. शेळ्यांमागंच बरा हाय," आबा म्हणाले.

"शेळ्यांनाही डोकं असतं, आबा. उद्या पाठवा त्याला."

परवा आमच्या ऑफिसच्या फाटकाची कडी एका शेळीने ओठांनी सरकवली आणि ती आत शिरली. दोन्ही बाजूंना उघडणारं ते फाटक आपोआप मिटलं. तिचं करडू बाहेरच ओरडत राहिलं. आता ही गुलाबांवर तुटून पडणार, असं मला वाटलं. पण ती मागे वळली आणि डोक्याने फाटक ढकलून उभी राहिली, करडू आत येईपर्यंत.

हजारो पिढ्यांनंतर शेळ्यांचं हे डोकं कुठवर पोचेल? आपल्या बरोबरीला येईल? येईलही. मला त्या विचाराने भीती वाटली नाही, कौतुकच वाटलं. घरी जाऊन पत्र लिहिलं:

"बाई, सा. न. शेळ्यांना डोकं असतं, हे आज पाहिलं. एक शेळी स्वतःच्या करडासाठी परत आली. माणसाच्या बरोबरीला यायला तिला आता थोडंच उरलंय. तुम्ही दुसऱ्याच्या लेकरासाठी आला होतात."